लज्जेची नाडी

मनुष्याला आपल्या शरीराविषयीं काय ठाऊक आहे हें जाणावयाचें असल्यास वैद्यकाचे मोठाले ग्रंथ उघडण्यापूर्वीं त्याची रोजची बोली तपासावी. आपल्या मराठींत कोपर, गुडघा, घोटा, पोटरी, टाच, मनगट, करंगळी अशीं नेमकीं व निःसंकोच नांवें आहेत; शेतकरी व पंडित, बालक व वृद्ध या सर्वांस तीं सारखींच वापरतां येतात. परंतु बेंबीच्या खालीं टीचभर उतरतांच भाषेचें धैर्य सुटतें. तेथें एक तर संस्कृत कोशांतला परका शब्द असतो, नाहीं तर शिवी असते. घरांत चारचौघांपुढें उच्चारतां येईल असा मधला शब्द बहुधा नसतो. ज्या इंद्रियांपासून वंश चालतो त्यांनाच भाषेंत हक्काचें घर नाहीं, ही गोष्ट गमतीची वाटली तरी तिचे परिणाम गमतीचे नाहींत.

हा दोष आपल्या एकट्याचा मात्र नव्हे. जननेंद्रियांच्या प्रदेशास संवेदना पुरविणारा मुख्य मज्जातंतु मज्जारज्जूच्या त्रिकभागांतील दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मुळांपासून निघतो. त्यास युरोपीय शारीरशास्त्रांत ‘पुडेंडल’ असें नांव आहे. या नांवाचें मूळ ज्या लॅटिन शब्दांत आहे त्याचा अर्थ ‘ज्याची लाज वाटावी तें’ असा होतो. म्हणजे ज्या शास्त्रानें हा तंतु सुरीनें सोडवून उजेडांत आणला, त्या शास्त्रानेंच त्याचें बारसें करतांना मान खालीं घातली. आपल्या भाषेंत त्यास ‘लज्जेची नाडी’ म्हणावें लागेल. या नाडीविषयींचें ज्ञान मनुष्यास कसें मिळालें, आणि तें न मिळाल्यामुळें कोणास काय किंमत द्यावी लागली, हें येथें सांगावयाचें आहे.

यांतील पहिला भाग पुष्कळसा परदेशांत घडला. दुसऱ्या भागासाठीं मात्र दूर जाण्याचें कारण नाहीं. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या कांठीं पसरलेला जो जुना चांदा जिल्हा, त्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर व गडचिरोली असे दोन भाग झाले. सागाचें व बांबूचें रान, भाताचीं खाचरें, गोंड व माडिया लोकांची वस्ती असलेल्या या मुलुखांत मज्जातंतूच्या व लज्जेच्या इतिहासाचीं दोन महत्त्वाचीं प्रकरणें लिहिलीं गेलीं: एक वरोऱ्याच्या आनंदवनांत आणि दुसरें गडचिरोलीच्या परिसरांतील खेड्यांत.

प्रथम ‘मज्जातंतु’ या वस्तूचाच विचार करूं. कारण ती ओळखण्यास मनुष्यास फार वेळ लागला. सुश्रुतसंहितेंत शारीरस्थानाच्या पांचव्या अध्यायांत प्रेत तपासण्याची रीति दिली आहे. प्रेत गवतानें वेष्टून वाहत्या पाण्यांत ठेवावें, सात दिवसांनीं काढावें, आणि वाळा, बांबू यांच्या कुंचल्यांनीं हळूहळू घांसून त्वचेपासून आंतले थर डोळ्यांनीं पाहावे, असा तो विधि आहे. याप्रमाणें पाहून सुश्रुतानें सातशें सिरा, नऊशें स्नायु, पांचशें पेशी व चोवीस धमन्या मोजल्या. यांपैकीं मज्जातंतु कोणता? सिरा म्हणजे वाहिन्या. स्नायु म्हणजे सांधे व हाडें बांधणाऱ्या दोऱ्या. पेशी म्हणजे मांसाचे गोळे. मज्जातंतूच्या जवळ येतात त्या धमन्या. वर जाणाऱ्या धमन्या शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांचें वहन करतात, आणि खालीं जाणाऱ्या धमन्या वायु, मूत्र, मल, शुक्र व आर्तव यांचें, असें त्या ग्रंथाचें म्हणणें आहे. स्पर्शाची बातमी एखाद्या मार्गानें वाहून नेली जाते ही कल्पना येथें निश्चित आहे. परंतु ती बातमी आणि शुक्रासारखा द्रव हे दोन्ही एकाच जातीच्या नळींतून वाहतात असा समज आहे. सात दिवस पाण्यांत कुजलेल्या शरीरांत दोऱ्यासारखा मृदु तंतु टिकून कसा राहणार? शोधकाच्या बुद्धीपेक्षां त्याच्या साधनाचा हा दोष होता.

ग्रीकांचीहि गोष्ट निराळी नव्हती. त्यांचा ‘न्यूरॉन’ हा शब्द मूळचा धनुष्याच्या दोरीला व स्नायुबंधाला लावलेला होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभीं अलेक्झांड्रियांत हिरोफिलस व इरासिस्ट्रॅटस यांनीं मनुष्याचीं प्रेतें चिरून पाहिलीं, तेव्हां मेंदूपासून व मज्जारज्जूपासून निघणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या या हाडें बांधणाऱ्या दोऱ्यांहून अगदीं वेगळ्या आहेत हें प्रथम ध्यानांत आलें. वस्तु निराळी ठरली तरी शब्द जुनाच राहिला.

आपल्याकडे या शब्दांचा घोटाळा अद्याप मिटलेला नाहीं. सुश्रुताचा ‘स्नायु’ म्हणजे बांधणारी दोरी. मराठींत स्नायु म्हणजे मांसपेशी. बंगालींत व हिंदींत स्नायु म्हणजे मज्जातंतु. एकाच शब्दानें तीन प्रांतांत तीन पदार्थ दाखवावे, आणि खेड्यांतल्या माणसानें या सर्वांस एक ‘नस’ म्हणून मोकळें व्हावें, अशी स्थिति आहे. नस आखडली म्हणजे मांसपेशी, नस तुटली म्हणजे रक्तवाहिनी, आणि नस दबली म्हणजे मज्जातंतु. बोलीचा हा ढिलेपणा एरवीं निरुपद्रवी आहे. परंतु लज्जेच्या प्रदेशांत शिरतांच त्यावर कोणाचा तरी धंदा चालतो, हें पुढें दिसेल.

पुरुषाच्या जननेंद्रियांतील मज्जातंतूंचा शोध टप्प्याटप्प्यानें लागला. हें इंद्रिय वायूनें फुगून ताठ होतें असा युरोपांत जुना समज होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्डो दा विंचीनें फांशीं दिलेल्या माणसांचीं प्रेतें पाहून तेथें वायु नसून रक्त भरलेलें असतें असें टिपून ठेवलें. १६६८ सालीं हॉलंडमधील रेग्नीर द ग्राफ यानें पुरुषाच्या जननेंद्रियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आयर्लंडमधील बेंजामिन आल्कॉक यानें १८३६ सालीं लज्जेची नाडी कटिराच्या आंतल्या भिंतीवरील ज्या आवरणांतून पुढें सरकते त्याचें वर्णन केलें. त्यास आजहि आल्कॉकचा मार्ग म्हणतात. याच नाडीची शेवटची शाखा शिश्नाच्या वरच्या अंगानें अग्रापर्यंत जाते व तेथील त्वचेचा स्पर्श मेंदूस कळविते.

परंतु स्पर्श कळणें निराळें व ताठरता येणें निराळें. १८६३ सालीं जर्मनींतील एकहार्ड यानें कुत्र्याच्या कटिरांतील कांहीं बारीक तंतूंस विजेची चेतना दिली असतां इंद्रिय उत्थित होतें, असें सिद्ध केलें. हे तंतु मज्जारज्जूच्या त्याच त्रिकभागांतून निघत असले तरी ते मनुष्याच्या इच्छेच्या ताब्यांत नसतात. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील मांसतंतूंस ताणत नाहींत, सैल करतात. भिंती सैल झाल्या म्हणजे रक्त आंत भरतें, आणि भरलेलें रक्त परत जाण्याचा मार्ग आपोआप दाबला जातो. १९९० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, हें सैल करण्याचें काम त्या तंतूंच्या टोकांतून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु करतो. रक्तवाहिन्यांतील या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिसऱ्या प्रकारचे तंतु पाठीच्या खालच्या भागांतून येतात. ते वीर्य पुढें लोटतात व मागाहून इंद्रियास शांत करतात. अशा रीतीनें एका लहानशा अवयवावर तीन निरनिराळ्या खात्यांचा अंमल आहे: एक बातमी नेतें, एक दार उघडतें व एक मिटतें.

हे दार उघडणारे तंतु मनुष्याच्या शरीरांत नेमके कोठून जातात हें कळण्यास मात्र १९८२ साल उजाडावें लागलें. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगासाठीं ती ग्रंथि काढली कीं पुरुषत्व नष्ट होतें, हें शस्त्रवैद्यांनीं अटळ मानलें होतें. प्रौढ प्रेतांच्या चरबींत हे केसासारखे तंतु हातीं लागत नसत. हॉलंडमधील वृद्ध मूत्ररोगतज्ज्ञ पीटर डोंकर यांनीं मृतजात बालकांच्या शरीरांत ते सोडवून दाखविले. अमेरिकेंतील पॅट्रिक वॉल्श यांनीं ते त्यांच्यासमवेत पाहिले, आणि ग्रंथीच्या मागच्या बाजूनें जाणारे हे तंतु वांचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धति सुरू केली. ज्या अवयवाविषयीं काव्यें, कामसूत्रें व धर्मशास्त्रें हजारों वर्षें बोलत आलीं, त्याच्या मज्जातंतूंची वाट मनुष्यानें चंद्रावर पाऊल ठेवल्यानंतर तेरा वर्षांनीं सांपडली!

गर्भांतील वाढीची कथाहि अशीच उशिरां उलगडली. गर्भाच्या पांचव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही पायांच्या मध्यें एक लहानसा उंचवटा दिसूं लागतो. तो मुलग्याचा व मुलीचा अगदीं सारखाच असतो. पुढें सुमारें नवव्या आठवड्यापासून पुरुषगर्भाच्या वृषणांतील स्रावामुळें तो लांबूं लागतो, आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास भेद स्पष्ट होतो. मूळ एक, मूळचे मज्जातंतु तेच, त्रिकभागांतलीं मुळेंहि तींच. पुढचा विस्तार तेवढा निराळा. स्त्रीपुरुषांच्या देहांत निसर्गानें दोन जाती घडविल्या असें मानणाऱ्यांनीं हा उंचवटा एकदां ध्यानांत घ्यावा. सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रवैद्य लॉरेन्स बॅस्किन व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं मानवी गर्भांतील शिश्नाचे पातळ छेद रंगवून मज्जातंतूंचा नकाशा काढला. घड्याळाची तबकडी समोर धरल्यासारखें मानलें, तर पूर्वीं हे तंतु अकरा व एक यांच्या जागींच असतात असें समजत. त्यांना असें आढळलें कीं, ते तेथून दोन्ही अंगांनीं पसरत जाऊन खालच्या मूत्रमार्गापर्यंत सर्व अवयवास वेढतात; फक्त बाराच्या जागेवर, म्हणजे वरच्या मध्यरेषेवर, ते नसतात. सुमारें दोनशें ते तीनशें मुलग्यांमागें एकाचा मूत्रमार्ग जन्मतः खालच्या बाजूस उघडतो, आणि पुष्कळदां अवयवास बांकहि असतो. तो बांक दुरुस्त करतांना टांका कोठें घालावा म्हणजे बालकाची संवेदना जन्मभर शाबूत राहील, याचें उत्तर या नकाशानें दिलें.

ज्या रंगानें हा नकाशा उमटला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तो रंग मज्जातंतूच्या धाग्याभोंवतीं गुंडाळलेल्या पेशींस धरतो. १८३९ सालीं थिओडोर श्वान यानें वर्णिल्यावरून त्यांस श्वानच्या पेशी म्हणतात. धाग्याचें पोषण व रक्षण करणाऱ्या या पेशींतच एक जंतु आपलें घर करतो. तो म्हणजे नॉर्वेंतील हान्सेन यानें १८७३ सालीं शोधलेला कुष्ठरोगाचा जंतु. येथें आपण पुन्हां चांद्याच्या रानांत येऊन पोंचतों.

कुष्ठरोग हा कातडीचा रोग आहे, असें लोक समजतात. वस्तुतः तो प्रथम मज्जातंतूचा रोग आहे. या जंतूस शरीरांतले थंड भाग आवडतात. म्हणून कोपराच्या मागची, गुडघ्याच्या बाजूची, घोट्याजवळची व चेहऱ्यावरची अशा त्वचेलगत असलेल्या नाड्या तो पकडतो. वृषणें शरीराच्या आंतल्या भागांपेक्षां थंड असतात. म्हणून रोग पसरलेल्या प्रकारांत तेथेंहि त्याचा शिरकाव होऊन पुरुषास वंध्यत्व येतें. आपल्या प्रांतांतील डॉक्टरांनीं या रोगाचा पाठलाग फार पूर्वीं सुरू केला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकीं डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत एका वनस्पतीच्या बियांच्या तेलानें यावर उपचार केले. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनीं मुंबईस प्रथमावस्थेंतील चट्ट्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, आणि १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासांत त्वचेतील बारीक मज्जातंतूंत हा जंतु आरंभींच कसा शिरतो तें दाखविलें. वेल्लोर येथें १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं त्यापुढचा विचार मांडला. हातापायांचीं बोटें रोगामुळें झडत नाहींत. मज्जातंतु मेल्यामुळें वेदना कळत नाहीं, वेदना न कळल्यामुळें चटका, कांटा, खडा यांपासून माणूस हात मागें घेत नाहीं, आणि या नकळत झालेल्या जखमांनीं अवयव नष्ट होतो. वेदना ही शिक्षा नसून पहारेकरी आहे, असा याचा अर्थ होतो.

मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील. नगरपालिकेचें काम पाहत असतां पावसांत पडलेला एक मरणोन्मुख कुष्ठरोगी पाहून ते भ्याले, आणि आपणास भीति वाटली याच गोष्टीनें अस्वस्थ झाले. कलकत्त्यास जाऊन त्यांनीं या रोगाचें शिक्षण घेतलें. १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन झाली. आणि १९५१ सालीं वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर विनोबांच्या हस्तें आनंदवनाचा प्रारंभ झाला. ज्यांच्या हातांना फावड्याचा दांडा कळत नव्हता अशा माणसांनीं तेथें विहिरी खणल्या व शेतें पिकविलीं. मेलेल्या मज्जातंतूच्या जागीं डोळ्यांचा पहारा बसवून काम कसें करावें, हें त्यांस शिकावें लागलें. रोगापेक्षां लज्जा अधिक छळते, आणि श्रम करून खाणाऱ्या मनुष्यास लाजण्याचें कारण नाहीं, हें आनंदवनाचें तत्त्व. पूर्वींच्या कित्येक कुष्ठाश्रमांत स्त्रियांस व पुरुषांस वेगवेगळें कोंडून ठेवीत. आनंदवनांत बऱ्या झालेल्यांचीं लग्नें लागलीं व संसार उभे राहिले. कायद्याला मात्र ही दृष्टि येण्यास वेळ लागला. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयींचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि जोडीदारास कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याचा अधिकार २०१९ सालीं काढून टाकण्यांत आला.

औषधाच्या बाबतींत तर हा रोग आतां जिंकल्यासारखा आहे. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति पुरस्कारिली. तिनें सहा महिने ते एक वर्ष एवढ्या काळांत रोग बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशांतील प्रमाण दहा हजारांत एकाच्या खालीं आलें. तथापि चंद्रपूर-गडचिरोली भागांत नवे रुग्ण अजून सांपडतात, आणि त्यांपैकीं कांहींजण उशिरां सांपडतात. येथें पुन्हां लज्जेची गांठ पडते. पहिला चट्टा न दुखणारा, न खाजणारा असतो. आणि पुष्कळदां तो कमरेच्या खालीं, नितंबांवर किंवा मांडीवर, वस्त्राआड असतो. तपासणीस आलेल्या कार्यकर्त्यास मनुष्य हात दाखवितो, पाठ दाखवितो. धोतर किंवा लुगडें सरकवावयाचें म्हटलें कीं ‘तेथें कांहीं नाहीं’ असें सांगतो. स्त्रियांची तपासणी करावयास स्त्री नसली तर प्रश्नच मिटला. या एका वाक्याआड जंतूस वर्ष-दोन वर्षांची सवड मिळते, आणि तेवढ्यांत कोपरामागची नाडी दोरीसारखी जाड होते. मेलेली नाडी मग औषधानें जिवंत होत नाहीं. झांकलेल्या चट्ट्याची किंमत उघड्या हाताला द्यावी लागते.

दुसरें प्रकरण गडचिरोलीचें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत या जिल्ह्यांत काम आरंभिलें. वसा व अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची त्यांनीं तपासणी केली, आणि तिचा अहवाल जानेवारी १९८९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस जननेंद्रियांचा एखादा तरी विकार होता; त्यांपैकीं बहुतेकींस एकाहून अधिक. पूर्वीं कधींहि अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा आठच होत्या. तोंवर सरकारच्या व शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें खेड्यांतली स्त्री म्हणजे गर्भ राहणारी किंवा न राहणारी व्यक्ति होती. तिला या भागांत दुखूं शकतें याची नोंद कोठें नव्हती. ती सांगत नव्हती, म्हणून कोणी विचारीत नव्हतें. कोणी विचारीत नव्हतें, म्हणून ती सांगत नव्हती. त्या स्त्रियांचे शब्द, समजुती व दुःखें डॉ. राणी बंग यांनीं ‘कानोसा’ या पुस्तकांत एकत्र केलीं आहेत. रुग्णालय बांधतांना त्याला दंतेश्वरी देवीचें नांव देण्यांत आलें. आपल्या देवीच्या घरीं जावयास आदिवासी बिचकत नाहींत.

पुरुषाची गोष्ट वरून निराळी दिसते, आंतून तीच आहे. तो बोलतो, परंतु भलत्या ठिकाणीं बोलतो. रक्ताचे अनेक थेंब आटून वीर्याचा एक थेंब होतो, आणि तें गेलें कीं शरीर खंगतें, अशी भीति आपल्या देशांत सर्वत्र आहे. या भीतीनें खरोखरच आजारी पडणाऱ्या तरुणांच्या अवस्थेस १९६० सालीं डॉ. विग या मानसवैद्यांनीं ‘धात’ याच शब्दावरून नांव दिलें. रेल्वेच्या रुळांजवळच्या भिंतींवर, आठवड्याच्या बाजारांतल्या तंबूंवर, बस स्थानकाच्या मुतारींत ‘नसांची कमजोरी’, ‘ढिली नस’ असे शब्द रंगविलेले असतात. वर ज्या घोटाळ्याचा उल्लेख केला त्याचा धंदा येथें चालतो. नस म्हणजे रक्तवाहिनी, मांसपेशी कीं मज्जातंतु, हें गिऱ्हाइकास ठाऊक नसतें. विकणाऱ्यास तें ठाऊक असण्याची गरज नसते. आणि विनोद असा कीं, ताठरता ही नस ताणल्यानें येत नसून रक्तवाहिनी सैल झाल्यानें येते. ‘ढिलेपणा’ हा रोग नव्हे, तीच तेथील किल्ली आहे. भंडाऱ्याच्या, नागपूरच्या किंवा चांद्याच्या बाजारांतून तेलाची बाटली घेऊन जाणाऱ्या तरुणास हें एक वाक्य कोणीं सांगितलें असतें, तर त्याची महिन्याची मजुरी वांचली असती.

ज्यांस खरोखर विकार होतो, त्यांच्या बाबतींत तर या बाटलीनें वेळ जातो. मधुमेहानें हे बारीक मज्जातंतु झिजतात. तंबाखूनें रक्तवाहिन्या बिघडतात. दारूनें दोन्हींचें नुकसान होतें. या दोन जिल्ह्यांत खर्ऱ्याचें व्यसन किती खोलवर गेलें आहे हें तेथील कोणत्याहि पानठेल्यावर दिसतें. गडचिरोलींत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हें दारू व तंबाखू यांविरुद्धचें काम चालू आहे. पुष्कळदां पुरुषाच्या इंद्रियाची तक्रार ही हृदयाच्या व साखरेच्या रोगाची पहिली वर्दी असते. लाज बाळगून ती दाबली, किंवा वैदूच्या तंबूंत ती खर्चून टाकली, म्हणजे मागून येणारें संकट बेसावध गांठतें. कुष्ठरोग्याच्या न दुखणाऱ्या हातासारखेंच हें आहे: पहारेकऱ्यानें हांक मारली, पण ती ऐकणें धन्यास प्रशस्त वाटलें नाहीं.

महाराष्ट्रांत हें सर्व स्पष्ट मराठींत सांगण्याचा यत्न एका माणसानें फार पूर्वीं केला होता. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि जुलै १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. गणिताचे हे प्राध्यापक या कामापायीं नोकरीस मुकले. वाचकांनीं विचारलेल्या कामविषयक शंकांस त्यांनीं छापील उत्तरें दिलीं, म्हणून १९३४ सालीं त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दोनशें रुपये दंड झालाच. कर्व्यांच्या सर्वच मतांशीं सहमत होण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांनीं एक गोष्ट ओळखली होती: ज्या प्रश्नाचें उत्तर प्रतिष्ठित माणूस देत नाहीं, त्या प्रश्नाचें उत्तर लबाड माणूस देतो. प्रश्न तेवढा मरत नाहीं.

लज्जा सर्वस्वीं वाईट आहे, असा मात्र या विवेचनाचा अर्थ नव्हे. वस्त्र हें संस्कृतीचें लक्षण आहे, आणि देहाचा कांहीं भाग एकांतासाठीं राखून ठेवणें यांत मनुष्याची प्रतिष्ठाच आहे. मर्यादा निराळी व अज्ञान निराळें. मर्यादा सांगते कीं अमुक गोष्ट अमुक जागीं बोलावी. अज्ञान सांगतें कीं ती कोठेंच बोलूं नये. पहिलीनें घर सुरक्षित राहतें, दुसऱ्यानें घरांत चोर शिरतो. डॉ. राणी बंग तरुण मुलामुलींसाठीं ‘तारुण्यभान’ या नांवाचीं जीं शिबिरें घेत आल्या आहेत, त्यांत हाच भेद पाळलेला दिसतो. तेथें शरीराचें चित्र भिंतीवर टांगून, सर्वांदेखत, साध्या शब्दांत बोलणें होतें. अशा शंकेला अभ्यासाचा दर्जा दिला कीं तिच्यांतला ओशटपणा आपोआप जातो.

शारीरशास्त्रानें आपलें काम पुष्कळसें केलें आहे. गर्भांतील त्या उंचवट्यापासून मज्जारज्जूच्या त्रिकभागापर्यंत प्रत्येक धाग्याची वाट त्यानें दाखविली. २०२४ सालीं त्वचेतील कोणती सूक्ष्म गांठ सूक्ष्म कंपन ओळखते, हेंहि उंदरांवरील प्रयोगांतून उजेडांत आलें. उरलें आहे तें काम आपल्या भाषेचें आहे. कोपर, गुडघा, घोटा यांच्यासारखे साधे, स्वच्छ व सर्वांस उच्चारतां येतील असे शब्द या प्रदेशासाठींहि रुळले पाहिजेत. आणि तें काम कोशकारांपेक्षां शाळामास्तर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या व आईबाप यांच्याच हातून होईल. वैनगंगेपलीकडल्या एखाद्या खेड्यांत चट्टा उठलेली मुलगी ज्या दिवशीं न अडखळतां ‘येथें कळत नाहीं’ असें जागा दाखवून सांगूं शकेल, त्या दिवशीं तिचा हात वांचेल. त्यासाठीं तिला औषधाच्या आधीं एक शब्द मिळाला पाहिजे.